बाबांच्या डॉक्टरांना आणि त्या 1643 जणांना थँक्यू

सर नमस्कार,

समोर बोलायला गेले की रडू येतं म्हणून लिहितेय.

दिवाळीच्या आधी बाबांचं पीएसए (प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, रक्ततपासणी) 6.2 म्हणजे जास्त आलं, मग एमआरआय, मग बायोप्सी, आणि रिपोर्टमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर असे शब्द दिसले तसे आईने देव पाण्यात ठेवले. ग्लीसन 6 म्हणजे काय (कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा, 6 म्हणजे सौम्य) हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं. आधी जिथे दाखवलं तिथे पाच मिनिटांत सर्जरीची तारीख आणि खर्चाचा आकडा हातात दिला, काका म्हणाले कॅन्सर आहे ना मग काढून टाका, विषय संपला, आणि खरं सांगते मलापण तेच बरोबर वाटत होतं.

तुम्ही खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसलात. एमआरआयच्या पाकिटावर पेनने तीन रकाने आखलेत, सर्जरी, रेडिएशन, लक्ष ठेवणे. आणि ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासाबद्दल सांगितलंत. 1999 ते 2009 मध्ये प्रोस्टेटपुरताच कॅन्सर असलेल्या 50 ते 69 वयाच्या 1643 माणसांनी कबूल केलं की आपल्याला यातलं काय मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरू दे. पंधरा वर्षांचा निकाल 2023 ला आला, प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तिन्ही रकान्यांत 100 मागे साधारण 2 ते 3 च. मी ते पाकीट दोनदा हातात घेऊन बघितलं.

बाबांनी एकच विचारलं, मला वारीला जाता येईल का? तुम्ही हसला नाहीत सर. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत किती दिवस चालता, रस्त्यात लघवीची सोय कशी असते हे नीट विचारून घेतलंत आणि मग सांगितलंत की सर्जरीनंतर सहा वर्षांनीसुद्धा 100 पैकी 17 जण पॅड वापरत होते, लक्ष ठेवलेल्यांमध्ये 8. बाबांना हवं असलेलं उत्तर तेच होतं, आणि ते लाजेने कोणाला विचारू शकत नव्हते.

दुसरी बाजूपण लपवली नाहीत. नुसतं लक्ष ठेवलं त्यांच्यात कॅन्सर पसरायचं प्रमाण 9.4 टक्के, सर्जरीवाल्यांत 4.7, म्हणजे दुप्पट. लक्ष ठेवलेल्यांतल्या शंभरपैकी 61 जणांनी पुढे कधीतरी सर्जरी नाहीतर रेडिएशन घेतलंच. आणि त्या अभ्यासात जवळपास सगळे गोरे होते, आपल्या लोकांना ते तंतोतंत लागू होईलच असं नाही, हेपण तुम्हीच सांगितलंत. म्हणून तर विश्वास बसला. तेव्हापेक्षा आता लक्ष जास्त कडक ठेवतात, पीएसए, एमआरआय, गरज पडली तर परत बायोप्सी, हे ऐकून आईपण शांत झाली.

तुमच्याबरोबर त्या 1643 जणांचेपण आभार मानायचेत. कॅन्सर झालाय कळल्यावर घाबरलेलं असताना आपला उपचार असा दुसऱ्याच्या हाती सोडायचा, वर वर्षानुवर्षं लघवीचे आणि बेडरूमचे प्रश्न असलेले फॉर्म भरत राहायचे, माझ्याच्याने झालं नसतं. त्यातले बरेच जण आता हयात नसतील. माझ्या बाबांचं नावही त्यांना माहीत नाही, आणि त्यांच्यामुळे बाबा घाईघाईत ऑपरेशन टेबलवर गेले नाहीत.

पुढचं पीएसए महिनाअखेरीस आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबांनी स्वतः लिहून ठेवलंय. आषाढीलापण गोल केलाय. रिपोर्ट आला की घेऊन येतोच.

तुमच्या पेशंटची मुलगी