विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र : भारित हिग्जचा शोध अर्ध्यावर सोडू नका

माननीय विज्ञानमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

युरोपातील सर्न प्रयोगशाळेच्या एलएचसीनंतरच्या कोलायडरचा, म्हणजे कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राचा, खर्च मंजुरीसाठी आपल्यापुढे येईल, तेव्हा ४ जुलै २०१२ रोजी सर्नने जाहीर केलेल्या हिग्ज बोसॉनचे (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राशी निगडित कणाचे) काटेकोर मोजमाप हा त्यातला पहिला मुद्दा असेल. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र आपण आणखी एक प्रश्न विचारावा, ही विनंती : विद्युतभार असलेला हिग्ज निसर्गात असेल, तर तो या यंत्राला दिसेल का?

सापडलेल्या हिग्जवर विद्युतभार नाही. पण हिग्ज एकच असावा असा कुठलाही नियम नाही. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दुहेरी भाराचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दुप्पट विद्युतभार असलेला हिग्ज. न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या, अतिशय हलक्या कणांना वस्तुमान आहे, याचा भक्कम पुरावा १९९८ मध्ये मिळाला. ते इतके नगण्य का, याचे एक उत्तर देणाऱ्या सिद्धांतात हा कण येतोच. त्याचा क्षय झाला की सारख्याच भाराचे दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) बाहेर पडू शकतात आणि डिटेक्टरच्या चुंबकीय क्षेत्रात दोघेही एकाच दिशेने वळतात. एरवी अशी जोडी क्वचितच दिसते. शिवाय इलेक्ट्रॉन, म्युऑन की त्याहून जड टाऊ, कोणती जोडी किती वेळा येते, यावरून न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची मांडणीच उलगडत जाईल!

‘एलएचसीने शोधले, काही मिळाले नाही,’ असे आपल्याला सांगितले जाईल. ते अर्धेच खरे आहे. या कणाच्या क्षयातून लेप्टॉनची (इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ अशा कणांची) जोडी निघत असेल, तर साधारण १,००० जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक) वस्तुमानापर्यंत तो सापडलेला नाही. डब्ल्यू बोसॉनची (दुर्बल बल वाहून नेणाऱ्या कणांची) जोडी निघत असेल, तर ही मर्यादा काहीशे जीईव्हीवरच थांबते, कारण प्रोटॉनच्या टकरींच्या गदारोळात ती खूण हरवते.

सर्नच्या प्रस्तावित ९१ किलोमीटरच्या बोगद्यात आधी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) यांच्या टकरींचे यंत्र बसणार आहे. त्यातल्या टकरी स्वच्छ, पण ऊर्जा जास्तीत जास्त ३६५ जीईव्ही. भारित हिग्ज तिथे मुख्यतः जोडीने जन्मतात, त्यामुळे सुमारे १८० जीईव्हीपेक्षा जड असलेल्यांची जोडी तिथे तयारच होणार नाही. त्यासाठी पुढच्या टप्प्यातले प्रोटॉन यंत्र हवे, नाहीतर म्युऑन कोलायडर. पहिल्याला १४ टेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपासचे चुंबक लागतील, एलएचसीचे ८.३ टेस्लाचे आहेत. दुसऱ्यात, जेमतेम २.२ मायक्रोसेकंद जगणाऱ्या म्युऑनांचा विखुरलेला झोत आवळावा लागतो.

ही दोन्ही कामे वर्षानुवर्षे चालणारी आहेत. ‘पहिले यंत्र उभे राहू दे, मग बघू’ असे म्हटले, तर चुंबक बनवणारे हात तोवर दुसऱ्या कामाला लागलेले असतील. म्हणून पहिल्या यंत्राच्या मंजुरीबरोबरच या संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद करा, आणि बांधकामाचा खर्च वाढला तरी तिला कात्री लागणार नाही असे लेखी ठरवा.

भारित हिग्ज सापडेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, मीही देत नाही. न सापडल्यास न्यूट्रिनोंच्या वस्तुमानाच्या या स्पष्टीकरणाला उरलेली जागा बरीच आक्रसेल, आणि माझ्या मते तेही या खर्चाचे पुरेसे कारण आहे.

आपला नम्र,
कणभौतिकीचा एक अभ्यासक