बरणी स्वतः घेऊन जाणाऱ्या डॉक्टरांस

माननीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

यजमानांचे पोट वरचेवर दुखू लागले आणि वजन उतरले, तेव्हा बडोद्यातल्याच एका नावाजलेल्या डॉक्टरांनी आतड्याचा टीबी सांगून गोळ्या सुरू केल्या. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे टीबीही होतो आणि लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोगही, आणि स्कॅनमध्ये दोन्ही सारखे दिसू शकतात, हे आता मला ठाऊक झाले आहे. पण तुकडा तपासायला न पाठवता महिनोन्महिने औषधे चालवावीत, आणि गुण येत नाही म्हटल्यावर रुग्णच गोळ्या बुडवत असेल असे म्हणावे, याला सभ्य शब्द मला सापडत नाही.

शेवटी आतडे अडले आणि आम्ही रात्री आपल्याकडे आलो. शस्त्रक्रियेबद्दल मी काय लिहावे? मनात राहिले आहे ते त्यानंतरचे. कापलेला भाग फॉर्मेलिनच्या (तो खराब होऊ न देणाऱ्या द्रवाच्या) बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती द्यायचा आणि लॅबमध्ये पोहोचवायला सांगायचे, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. वॉर्डबॉय (त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही) बरणी घेऊन माझ्याकडेच येत होता. आपण डोक्यावरची टोपीही न काढता ती त्याच्याकडून घेतलीत, लेबलवरचे नाव फॉर्मशी ताडून पाहिलेत, "बेन, तुम्ही बसा, हे माझे काम आहे," एवढेच म्हणालात आणि जिना उतरून गेलात. यजमानांच्या देहाचा भाग हातात धरून मला लॅब शोधत फिरावे लागले नाही, हे तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

रिपोर्टमध्ये डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लिम्फोमाचाच एक प्रकार, निघाला. तेव्हाही, आपण अडथळा काढला आहे, आजार नव्हे, आणि खरा इलाज केमोथेरपी व रिटुक्सिमॅब या औषधाचा आहे, हे आपण स्पष्ट सांगितलेत आणि जखम भरताच आम्हाला कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवलेत. एवढे ऑपरेशन करूनही सगळे श्रेय स्वतःकडे न ठेवणारी माणसे अजून आहेत, आणि दवाखाने त्यांच्यावरच चालतात, असे मला वाटते.

दर 21 दिवसांनी केमो चालू आहे. केस गेले, भूक मात्र परतली. परवा त्यांनी स्वतःहून थालीपीठ मागितले. आपल्या दाराशी सदा रांग असते, तिथे हे बोलणे होणार नाही, म्हणून लिहिले.

आपली ऋणी,
एका रुग्णाची पत्नी
दांडिया बाजार, बडोदे