विसार घेतानाच कसोटी

संपादक महोदय,
रविवारी न चुकता मिस्सेला जाणारी कुटुंबेही जागा विकताना ‘थोडे चेकने, थोडे रोख’ (म्हणजे रोख भाग कागदावर न दाखवता) हे रीतीचेच धरतात. ख्रिस्ती माणसाचा विश्वास इथे झिजतो, आणि तोही बहुधा विसाराच्या, म्हणजे सौदा ठरवताना घेतल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेच्या वेळीच. रोख रक्कम एकदा हाती पडली की साठेखतात (विक्रीच्या करारात) खरी किंमत लिहा, असे म्हणायला तोंड उरत नाही. म्हणून विसारापूर्वीच पूर्ण किंमत कागदावर आणा. पैसे चेक किंवा आरटीजीएसनेच घ्या. स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये वा अधिक रोख घेतल्यास घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. गिऱ्हाईक तुटेल, भाव कमी येईल, ते सोसावे. व्यवहार आधीच झाला असेल, तर नुसते पापनिवेदन पुरत नाही. बायबलमधील जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला. आपण निदान बुडवलेला कर तरी भरावा.
– एक वाचक, वसई