सव्वानऊ ते साडेअकरा

चि. शुभदा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू खोदून विचारतेस आणि मी 'सगळं ठीक' म्हणून फोन आईच्या कानाला लावतो. ती अडखळत बोलते, तुला रडू येतं आणि विचारलेलं तसंच राहतं. म्हणून लिहायला बसलो. गावात अँब्युलन्स वेळेवर येत नाही, तेव्हा दोघांनी पुण्याला या, असं तुझं म्हणणं. आईला अर्धांगवायूचा झटका आला त्या रात्री अँब्युलन्सला उशीर झाला हे तुला मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं.

आमटी वाढताना आईच्या हातातून डाव पडला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. एसटीची तेहतीस वर्षं अंगात मुरली आहेत, काहीही झालं की नजर आधी घड्याळाकडे जाते. उजवा हात लुळा वाटत होता, बोलणं जड, तोंडात घास असल्यासारखं. दुपारी सुंगटांचं तिखलं झालं होतं, मी म्हटलं पित्त. तिला आडवं केलं, कोकमाचं पाणी पाजलं. ते ओठाच्या एका कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. मी पुसलं आणि पुन्हा पाजलं. (अशा वेळी तोंडात काही घालायचं नसतं. गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. हे नंतर कळलं.) मग सकाळी बघू म्हणून तिच्या पायाशी बसून राहिलो. बीपीच्या गोळ्या आठ दिवसांपूर्वी संपल्या होत्या, बाजारात गेलो की आणू म्हणत राहिलो होतो, हेही तेव्हाच आठवलं.

साडेअकराला दिवा जळताना बघून शेजारच्या बाळाकाकांची बायको, काकी, आली. दारातूनच ओरडली, "तोंड वाकडा झालाहा तिचा, पित्त कसला घेवन बसलात!"

मग १०८ला फोन लावला. तू पुण्यात झोपली होतीस आणि माझा फोनही पुण्यातच गेला, राज्याचं केंद्र तिथेच आहे. पोरीने जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण विचारली. मी वडाखालचा विनंती थांबा सांगितला. पस्तीस मिनिटांत गाडी वडाखाली होती. शुभदा, त्या रस्त्यावरून रात्री मीसुद्धा त्याहून लवकर आलो नसतो. मी २०१२ला निवृत्त झालो तेव्हा ही सेवा नव्हती, ती २०१४ला सुरू झाली. त्याआधी लोक माझी एसटी हात करून थांबवत आणि पेशंटला मागच्या लांब सीटवर निजवत. मधले थांबे न घेता गाडी सरळ दवाखान्याच्या दारात लावायची, डेपोत गेल्यावर काय बोलणी खायची ती खायची. या गाडीत डॉक्टर असतो. त्याने पहिल्यांदा बोटाला सुई टोचून साखर बघितली. साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो म्हणे.

पण गाडी वडाखालीच थांबली. पाणंदीत शिरेना, कारण आपला गडगा, ते दगडी कुंपण. बाळाकाकांशी दीड हात जागेवरून १९९६पासून जे चाललंय ते तुला माहीत आहे. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून लुगड्याने बांधलं आणि चौघांनी जांभ्याच्या पायऱ्यांवरून वर नेलं. वीस मिनिटं गेली. पुढचा डावा पाय बाळाकाकांनी धरला होता. आम्ही बोललो नाही.

गाडीत डॉक्टरने विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलल्या?" मी म्हटलं, साडेदहा. या वयात खरं सांगायची मला लाज वाटली. तो पोरगा कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, मेंदूतली गुठळी विरघळवायची सुई साडेचार तासांच्या आतच देतात. तीही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही ना हे बघून. वेळ चुकीची धरून उशिरा दिली तर सुईनेच रक्तस्राव व्हायचा. दोन वळणं गेली. मग मी म्हटलं, डॉक्टर, सव्वानऊ लिहा. त्याने खोडलं आणि लिहिलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी काकी हार्टवाली ॲस्पिरिन देऊया म्हणत होती ती दिली नाही, तेवढं मात्र बरं केलं म्हणाला. छातीत दुखत असेल तर वेगळी गोष्ट, इथे स्कॅनच्या आधी द्यायची नसते.

पहिल्या दवाखान्यात रात्री स्कॅन होत नव्हतं. तिथून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा पहाटेचे तीन. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटांवर तास मोजले आणि मान हलवली. सुई मिळाली नाही ती अशी.

आता पुण्याला यायचं का ते बोल. तिकडे मोठी हॉस्पिटलं दहा मिनिटांवर आहेत, खरं आहे. पण तिसऱ्या मजल्यावर तुम्ही दोघं कामाला गेल्यावर दिवा का जळतोय म्हणून बघायला कोण येणार? आणि पित्त म्हणणारा मी तिथेही असणारच. तू पाठवलेला ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ नंबर मी लावून बघितला. बाई छान बोलली, पेन्शन, कायदा, सगळं सांगतात, पण ती लाइन सकाळी आठ ते रात्री आठ. तो अँब्युलन्सचा नंबर नव्हे, तुझ्या ग्रुपवरच्या लोकांनाही कळव. सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्ड माझं काढून झालं. आई अडुसष्टची, तिला अजून दोन वर्षं आहेत.

गेल्या रविवारी बाळाकाका आणि मी टेप घेऊन पाणंद मोजली. अँब्युलन्सला सात फूट पुरतील असं ते म्हणाले, मी म्हटलं आठ धरा, आरसे असतात. गडगा आपल्याकडून दीड हात आत घ्यायचा ठरवतोय. तो तुकडा तुझ्या नावावर आहे, म्हणून विचारतो. तुझं हो आलं की गवंडी सांगतो, चतुर्थीच्या आत व्हायला हवं. वाटेवरची काजूची फांदी तोडली, ते मात्र विचारलं नाही.

आईची उजवी मूठ अर्धी मिटते. येताना तो स्पंजचा चेंडू आण, इथे मिळाला तो फार कडक आहे. तिला राग आला की डाव्या हाताने मला फेकून मारते, आणि नेम चुकत नाही.

तुझे बाबा