मापांची वही

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "कथा शिकवतेस म्हणजे नेमकं काय करतेस?" आणि मागून आई, तू म्हणालीस, "गोष्ट काय शिकवून येते होय?" वर्गाला उशीर होत होता, म्हणून मी हसून वेळ मारून नेली. शिवाय स्पीकरवर समजावून सांगायला लागले की तू मध्येच इथला मेथीचा भाव विचारतेस. म्हणून पत्र.

पहिल्या दिवशी मी वर्गात रेमंड कार्व्हरबद्दल सांगते. अमेरिकेतला कथाकार. त्याचा बाप लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. पोराचं एकोणिसाव्या वर्षी लग्न, विशीत पदरी दोन मुलं. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात चिको गावच्या कॉलेजात तो लेखनाच्या वर्गाला जाऊ लागला. शिकवणारा जॉन गार्डनर पंचविशीचा, त्याची स्वतःची कादंबरीही अजून छापून यायची होती. याला घरी लिहायला जागा नाही हे कळल्यावर गार्डनरनं आपल्या खोलीची किल्लीच त्याच्या हातात ठेवली. शनिवार-रविवार तिथं बसून लिही, म्हणाला. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? गुरुजींची हस्तलिखितं चाळायची, त्यांची शीर्षकं जरा फिरवून आपल्या कथांना लावायची आणि त्या कथा पुन्हा त्यांनाच दाखवायच्या! शिष्टाचारावर एक बौद्धिक ऐकावं लागलं, बाकी काही नाही.

गार्डनर शिकवायचा म्हणजे कथा समोर घेऊन ओळीओळीवर बसायचा. काही शब्द सरळ खोडायचा, तिथं वाद नाही. काहींना नुसता कंस करायचा, त्यावर बोलणी व्हायची. बाबा, तुम्ही कच्ची शिलाई घालून गिऱ्हाइकाला उभं करता, खडूनं खुणा करता, "इथं सैल सोडू का?" विचारता, तसंच. मीही एवढंच करते. बारा पानांच्या कथेत बहुतेकदा पहिली दोन पानं नुसता घसा साफ करण्यात गेलेली असतात. ती काढ म्हटलं की पोरं रुसतात. साठीतले विद्यार्थी जास्त रुसतात.

कातर कुठं थांबवायची, हे मात्र मलाही अजून नीट जमत नाही. कार्व्हरच्या १९८१ च्या संग्रहातल्या काही कथा संपादकानं निम्म्याहून जास्त छाटल्या. छपाई थांबवा म्हणून कार्व्हरनं कळवळून पत्र लिहिलं. पुस्तक तसंच निघालं आणि गाजलंही. त्याला काय वाटलं असेल, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तुम्ही बेतलेला कोट दुसऱ्यानं आखूड करावा आणि लोकांनी वाहवा करावी!

आता आईचा खरा प्रश्न: पोट भरतं का? कार्व्हरचं बरीच वर्षं भरत नव्हतं. इस्पितळात झाडलोट केली, दिवाळं निघालं, दारूनं तर जीवच जायचा. २ जून १९७७ ला सोडली ती कायमची. १९८० पासून सिरॅक्यूज विद्यापीठात प्राध्यापक. १९८३ मध्ये वर्षाला ३५ हजार डॉलरचं मानधन मिळालं, अट एकच, नोकरी सोडायची. त्यानं सोडली. १९८८ मध्ये गेला, अवघा पन्नाशीचा. माझं म्हणाल तर तासिका तत्त्वावर नेमणूक आहे, बिलं उशिरा निघतात आणि दिवाळी अंकाचं मानधन होळीला येतं. पण भाडं थकलेलं नाही. दारूचीही काळजी नको.

एक गोष्ट मात्र कबूल करायची राहिली आहे. दहावीला असताना घरात गलका नको म्हणून बाबांनी मला सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, दुकानाची किल्ली दिली होती. कापायच्या टेबलावर बसून मी अभ्यास थोडाच करायचे. मी तुमची मापांची वही वाचायचे. कुणाची कंबर दर वर्षी दोन इंचांनी वाढत गेली, कुणाच्या तीन पोरांची मापं एकाच पानावर, एका नावापुढं लाल शाईत "नेलं नाही". त्या न नेलेल्या सफारीवर मी पहिली गोष्ट लिहिली. वहीतलं ते पान तुम्ही उंदरांच्या नावावर घातलंत, ते माझ्याकडं आहे.

बाकीची वही रद्दीत गेली नसेल तर ठेवा. दिवाळीला येते तेव्हा घेऊन जाईन.

तुमची,
धाकटी