मेळ साधायचा तर तालीम हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नुकतेच एका ज्येष्ठ रसिकांनी ठाण्यातल्या मैफलींबद्दल जी नाराजी व्यक्त केली, तिच्यातले निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. शास्त्रीय कलावंताने गिटार, ड्रम आणि कीबोर्ड यांच्या जोडीला बसणे म्हणजे गुरूकडून मिळालेली विद्या पातळ करणे होय, असे त्यांचे म्हणणे आहे आणि पुरावा म्हणून त्यांनी शहरात झालेल्या एका कार्यक्रमाचा शेवटचा अर्धा तास पुढे केला आहे. त्या कार्यक्रमाला मीही होतो. तो अर्धा तास असह्य होता, यात शंका नाही. परंतु त्या मंचावरच्या पाच जणांनी एकमेकांबरोबर तालीमच केलेली नव्हती, हे पहिल्या दोन मिनिटांत कळत होते. ज्या कलावंतांनी आयुष्यभर असे मेळ घातले, त्यांच्या कामाकडे पाहिले तर ही गोष्ट किती कष्टाची आहे हे ध्यानात येते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मी तबला शिकवतो, त्यामुळे उदाहरण उस्ताद झाकीर हुसेन यांचेच सुचते. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा तबला जगभर नेणारा कलावंत म्हणून त्यांचा गौरव झाला आणि तो यथायोग्यच होता. पण तबल्याबरोबर त्यांनी आणखी काय नेले, याची चर्चा फारशी झाली नाही. वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून मिळालेली पंजाब घराण्याची तालीम त्यांच्या हातात पक्की होती. सतार, सरोद, संतूर, बासरी आणि कथक यांची साथ करताना अंगी मुरलेली दुसऱ्याचे ऐकण्याची सवय होती. १९७३ साली ‘शक्ती’ या संचाचा आरंभ झाला, तेव्हा ते जेमतेम बाविशीचे होते. गिटारवर इंग्लंडचे जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर (मातीच्या घड्यासारख्या तालवाद्यावर) विक्कू विनायकराम आणि तबल्यावर झाकीरभाई, असा तो मेळ होता.

हा संच ‘पूर्व-पश्चिम’ म्हणून ओळखला जातो, परंतु तालाच्या अंगाने पाहिले तर सर्वांत अवघड जुळणी तबला आणि घटम यांची होती, म्हणजे आपल्याच देशातल्या दोन पद्धतींची. हिंदुस्तानी तबलजी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि खाली (टाळीऐवजी रिकाम्या हाताने दाखवायची जागा) यांच्या आधाराने चालतो आणि त्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला बोलांचा तुकडा, बहुधा समेवर येते. कर्नाटक, म्हणजे दक्षिण भारतीय, पद्धतीत खाली नाही. ताल हाताच्या टाळीने आणि बोटांनी मोजला जातो आणि कोरवै म्हणून जी तिहेरी रचना असते, ती पुष्कळदा समेवर न संपता गाण्याची ओळ जिथून उचलली जाते त्या जागी येऊन पडते. आदितालाची अक्षरे आठ आणि तीनतालाच्या मात्रा सोळा, तेव्हा हिशेब सोपा आहे असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात दोघांची पोहोचण्याची जागाच वेगळी असली, तर एक जण पोहोचतो आणि दुसरा अजून वाटेत असतो. हे साधायला एकमेकांची गणिते तोंडपाठ करावी लागतात, बोल म्हणून दाखवावे लागतात, आणि त्यासाठी मंचाबाहेर तासन्‌तास बसावे लागते.

मॅक्लॉफ्लिन यांच्या वाद्याविषयीही सांगण्यासारखे आहे. साध्या गिटारवर पडद्यांमुळे स्वर ठरलेल्या जागी बसतात, आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे) घ्यायची तर तार ओढायला मर्यादा येते. त्यांनी मुद्दाम बनवून घेतलेल्या गिटारच्या दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले होते, त्यामुळे तार दाबून आणि ओढून स्वर वर नेता येई. शिवाय मुख्य तारांखालून तिरक्या बसवलेल्या सात जादा तारा षड्ज-पंचमाची (सा आणि प यांची) सतत घुमणारी आस धरून ठेवण्यासाठी होत्या. त्याआधी त्यांनी वीणेचे शिक्षणही घेतले होते. ज्या वाद्यात मींड निघत नाही ते वाद्यच बदलून घेण्याची ही तयारी पाहिली, की ‘पाश्चात्त्यांना आपले संगीत वरवर हवे असते’ हे सरसकट विधान करताना जीभ जरा अडखळायला हवी. त्या संचात कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजवलेल्या स्वरसमूहाचा, वापरही मोजकाच ठेवलेला आढळतो; गिटार आणि व्हायोलिन बहुतेक वेळ एकच स्वरवाक्य मिळून वाजवतात, किंवा सवाल-जवाब करतात.

कॉर्डचा मुद्दा थोडा उलगडतो, कारण आपल्याकडच्या कार्यक्रमांत नेमका तिथेच घात होतो. गिटारवाला साधारणपणे षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभ्या राहणाऱ्या तीन कॉर्डवर हात फिरवतो. मध्यमावरच्या कॉर्डमध्ये शुद्ध मध्यम, धैवत आणि षड्ज एकदम वाजतात. गायिका यमन राग गात असेल, तर तिच्या गळ्यात तीव्र मध्यम आणि मागे गिटारवर शुद्ध मध्यम, अशी कुस्ती सुरू होते. पूर्वीच्या पत्रात वर्णन केलेल्या कार्यक्रमात हेच घडले. ऐकणाऱ्याला काहीतरी बोचत होते, पण नेमके काय हे सांगता येत नव्हते. यात गिटारवाल्याची चूक म्हणावी तर त्याला आधी कोणी यमनाचे चलन ऐकवलेलेच नव्हते. दुपारी एक तास बसले असते तरी तो खर्जावरच्या एका आधाराने आणि पंचमाने निभावून गेला असता.

दुसरा घात ध्वनियंत्रणेचा. डग्ग्याचा घुमारा, तळहात सरकवून काढलेली ती लांब मींड, खालच्या पट्टीतली असते. बेस गिटार आणि ड्रममधला पायाने वाजणारा मोठा ढोल यांचीही तीच पट्टी. तिघांचे आवाज एकाच वेळी मोठे केले, की डग्गा पार गडप होतो आणि उरते ती फक्त चाटेची (तबल्याच्या कडेची) टकटक. मग श्रोत्यांना वाटते, तबलजी नुसता जोरात आपटतो आहे. बिचारा तबलजी स्वतःचा डग्गा स्वतःलाच ऐकू येत नाही म्हणून आपटत असतो! बेसचा खालचा आवाज थोडा उतरवणे, डग्ग्याला स्वतंत्र माइक देणे आणि वादकांना त्यांचा आवाज ऐकवणारे मॉनिटर नीट लावणे, एवढ्याने चित्र पालटते. पण त्यासाठी साउंडवाल्याला कार्यक्रमाआधी वेळ मिळायला हवा, आणि आपल्याकडे तो वेळ सत्कार, दीपप्रज्वलन आणि मनोगते यांच्या खर्ची पडतो.

आता शुद्धतेविषयी. मराठी माणसाने मिश्रणावर नाक मुरडावे, हे मला गमतीचे वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातल्या पदांना कर्नाटकी चालींपासून लावणी, साकी, दिंडीपर्यंत सर्व तऱ्हांच्या चाली होत्या. पुढे भास्करबुवा बखले यांनी त्याच रंगभूमीवर ख्यालाची गायकी आणली, बालगंधर्वांच्या मागे विलायती ऑर्गन वाजू लागला, आणि त्यांच्याच गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याचा बादशहा साथीला होता. ऑर्गन बाजूला आहे म्हणून थिरकवाँसाहेबांचा तबला उणा झाला, असे कोणी म्हटलेले मी तरी ऐकले नाही. हार्मोनियमवर ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. आज त्याच पेटीवाचून आपली मैफल सुरू होत नाही. बंदी घालणाऱ्यांचा श्रुतींविषयीचा (पेटीवर न निघणाऱ्या सूक्ष्म स्वरांविषयीचा) आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही, पण उत्तम पेटीवाल्यांनी गायकाच्या मागे राहून, नको तो स्वर टाळून, त्या आक्षेपाला वाजवूनच उत्तर दिले.

झाकीरभाईंनी दोन्ही घरे सांभाळली, हे नव्या पिढीला सांगायला हवे. माझ्या वर्गातली मुले मोबाइलवर त्यांच्या रेल्याची (जलद बोलांच्या सलग प्रवाहाची) अर्ध्या मिनिटाची चित्रफीत दाखवतात आणि ‘सर, एवढा वेग कधी येईल’ असे विचारतात. त्याच कलावंताने एका लेहऱ्यावर (तालाचे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) तीनतालात पेशकार, कायदा, रेला अशा क्रमाने एकल वादन आयुष्यभर केले, हे त्यांच्या गावीही नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर त्यांनी तबल्याची रचना सादर केली, तिचे नाव त्यांनी ‘पेशकार’ असेच ठेवले. पेशकार म्हणजे एकल वादनाचा पहिला, सावकाश उलगडत जाणारा टप्पा. समोर नोटेशन वाचून वाजवणारा मोठा वाद्यवृंद असताना त्यांना आरंभासाठी घराण्यातलीच चीज आठवली. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांना एकाच संध्याकाळी तीन ग्रॅमी मिळाल्या, त्यांतली एक ‘शक्ती’च्या ध्वनिमुद्रिकेसाठी होती. त्या संचाचे गायक शंकर महादेवन हे कर्नाटक पद्धतीत वाढलेले, आपल्या श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले आणि नेरुळच्या महाविद्यालयातून अभियंता झालेले. तेव्हा ही परंपरा ठाणे-नवी मुंबईला परकी आहे, असे मानण्याचे कारण नाही.

माझी विनंती आयोजकांना आणि सभागृहांच्या व्यवस्थापनाला आहे. अशा प्रयोगाला कार्यक्रमाच्या शेपटीला, श्रोते शेवटची गाडी पकडण्याच्या घाईत असताना, ‘आता थोडी मजा’ म्हणून बसवू नये. त्याला स्वतंत्र संध्याकाळ द्यावी, नाही तर पूर्वार्ध तरी द्यावा. सकाळच्या रिकाम्या वेळेत तालमीसाठी मंच कमी भाड्यात मिळाला, तर निम्मे प्रश्न सुटतील. गडकरी रंगायतनात हे जमत नसेल, तर घाणेकर नाट्यगृहातले लहान सभागृह यासाठी उत्तम आहे. दीडएकशे श्रोत्यांपुढे वाद्यांचा नैसर्गिक आवाजही पुरेल आणि माइकची कटकट कमी होईल. राग कोणता, ताल कोणता, कोणाची रचना, एवढे तरी कलावंतांनी आरंभी सांगावे.

आपल्या महानगरपालिकेतर्फे पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत समारोह होतो. रामभाऊ स्वतः मास्टर कृष्णराव आणि जगन्नाथबुवा पुरोहित अशा वेगवेगळ्या वळणाच्या गुरूंकडे शिकले, मैफलीत ख्याल गायले आणि ‘मंदारमाला’सारख्या नाटकाला त्यांनी चालीही दिल्या. त्यांच्या नावाच्या समारोहात तबला आणि घटम किंवा मृदंगम् यांचे एक सकाळचे सत्र ठेवावे, वादकांनी आधी आपापले हिशेब श्रोत्यांना हाताने टाळी धरून समजावून सांगावेत आणि मग वाजवावे, असे मला सुचवावेसे वाटते. पाश्चात्त्य वाद्यांचा विचार त्यानंतरच्या वर्षी करता येईल. या सत्रासाठी लेहऱ्याची साथ आणि वाद्ये लागल्यास ती माझ्या वर्गातर्फे विनामूल्य देण्याची तयारी आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक तबलाशिक्षक,
चरई, ठाणे (पश्चिम)