व्हील चॉकच्या खोक्यावर टायरचे माप छापा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मोटारसायकल बंदिस्त जागेत सरळ उभी ठेवण्यासाठी, किंवा ट्रेलरवर वा टेम्पोत चढवून दुसरीकडे नेण्यासाठी, पुढचे चाक पकडून धरणारा व्हील चॉक अनेक दुचाकीस्वार विकत घेतात. विक्रेत्यांच्या जाहिरातींत मात्र बहुधा एकच आकडा ठळक असतो, तो म्हणजे चॉक किती किलो भार पेलतो. निवड करणाऱ्याला या आकड्याचा फारसा उपयोग नाही आणि ज्याचा आहे तो आकडा खोक्यावर शोधूनही सापडत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गाडी सरळ उभी असते तेव्हा पुढच्या चाकावर तिचे साधारण निम्मे वजन येते आणि ते चॉकच्या तळपट्टीतून थेट जमिनीत उतरते. गाडी बांधायचे पट्टे आवळले की त्यात थोडी भर पडते, इतकेच. एवढा उभा भार बऱ्यापैकी जाड पत्र्याची कोणतीही पट्टी सोसते. चॉकची खरी कसोटी लागते ती आडव्या जोराखाली. वाहनावरील माल बांधण्याच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 0.8 पट, तर बाजूंना आणि मागे 0.5 पट जोर गृहीत धरावा असे सांगितले आहे. म्हणजे 200 किलोची मोटारसायकल जोरात ब्रेक लागताच 160 किलो वजनाइतक्या जोराने पुढे सरकू पाहते आणि वळणावर 100 किलोइतक्या जोराने कलू पाहते. हा जोर चॉकच्या वेल्डिंगवर, बिजागरीच्या बोल्टवर आणि चॉक जमिनीला जिथे जोडला आहे त्या ठिकाणी येतो. त्याबद्दल खोके गप्प असते.

दुसरा प्रश्न मापाचा आहे. ‘16 ते 19 इंच चाकांसाठी’ असे लिहिलेले पाहून ग्राहक निश्चिंत होतो. पण हे इंच रिमचे असतात आणि चॉक रिमला नव्हे, टायरला धरतो. टायरच्या कडेला लिहिलेले आकडे पाहावेत. 120/70-17 याचा अर्थ रुंदी 120 मिलिमीटर, रिमपासून टायरची उंची रुंदीच्या 70 टक्के आणि रिम 17 इंच. त्या चाकाचा बाहेरून बाहेर व्यास साधारण 600 मिलिमीटर भरतो. एखाद्या क्रूझरचा 130/90-16 हा टायर घेतला, तर रिम एक इंचाने लहान असूनही चाक 640 मिलिमीटरचे होते. उंच, अरुंद 90/90-21 टायरचे चाक 695 मिलिमीटरपर्यंत जाते. तेव्हा चॉकच्या खोक्यावर टायरच्या बाहेरच्या व्यासाची आणि रुंदीची किमान व कमाल मर्यादा मिलिमीटरमध्ये छापणे उत्पादकांनी स्वतःहून सुरू करावे, अशी माझी मागणी आहे. 130 मिलिमीटरच्या खाचेत 90 मिलिमीटरचा टायर बसवला, तर दोन्ही अंगांना वीस-वीस मिलिमीटरची मोकळीक राहते आणि वर हँडलपाशी तीच मोकळीक कितीतरी वाढून गाडी डुलू लागते.

चॉकचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला म्हणजे वाकवलेल्या पाइपची स्थिर चौकट. ती स्वस्त असते, तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते, पण पट्टे बांधून होईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी गाडी धरून ठेवावी लागते. दुसऱ्या प्रकारात मध्यभागी बिजागरीवर झुलणारा पाळणा असतो. चाक आत ढकलले की पाळण्याचा मागचा भाग वर येऊन टायरला मागूनही अडवतो आणि गाडी पट्ट्यांशिवाय तेवढ्यापुरती उभी राहते. एकट्याने गाडी चढवणाऱ्याने हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पकड टायरवरच आली पाहिजे. पाळण्याची बाजूची पट्टी ब्रेकच्या डिस्कला, ती दाबणाऱ्या कॅलिपरला, एबीएसच्या तारेला किंवा खाली झुकलेल्या मडगार्डला टेकत असेल, तर तो चॉक कितीही मजबूत असला तरी त्या गाडीसाठी नाही.

आता जोडणीविषयी. ट्रेलरच्या प्लायवूडवर चॉक नुसत्या स्क्रूने बसवलेला मी पाहिला आहे. धक्के बसून स्क्रूची भोके मोठी होतात आणि एक दिवस चॉक लाकडाचा तुकडा घेऊनच वर येतो. आरपार बोल्ट, खालून लोखंडी पट्टी किंवा निदान मोठे वॉशर, आणि धक्क्यांनी सैल न होणारे नायलॉनच्या कड्याचे नट एवढे तरी हवेच. जागा ठरवताना गाडीचे वजन ट्रेलरच्या आसाच्या किंचित पुढे राहील असे पाहावे, कारण ते आसाच्या मागे गेले की ट्रेलर शेपटी हलवू लागतो.

चॉक चांगला आहे म्हणून पट्टे कमी करता येत नाहीत. चॉक चाकाला वळू देत नाही. गाडी खाली धरून ठेवण्याचे काम पट्ट्यांचेच. दोन पुढे, दोन मागे, प्रत्येक साधारण 45 अंशांत खाली आणि बाहेर ओढलेला असावा. पुढचे पट्टे हँडलच्या टोकांना न अडकवता हँडलखाली पुढचे दोन्ही शॉकअप जिथे जोडले जातात त्या जोडाच्या खालच्या भागाला, मऊ फासा घालून अडकवावेत. साइड स्टँड वर घ्यावा. गाडी त्यावर टेकवून बांधल्यास पट्ट्यांचा सगळा ताण त्या एका दांड्यावर येतो. चॉकने चाक घट्ट धरलेले असेल, तर शॉकअप पार तळापर्यंत दाबण्याचे कारण उरत नाही. पट्ट्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा तुटण्याच्या भाराचा असतो आणि वापरायचा भार त्याच्या साधारण एक तृतीयांश धरतात, हेही ग्राहकाला कोणी सांगत नाही. काही किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत.

केवळ साठवणुकीसाठी चॉक हवा असेल, तर गणित बरेच सोपे होते. जमिनीला न जोडलेला चॉकही चालतो. पण त्याचे पाय रुंद हवेत आणि खाली रबर हवे, नाहीतर गुळगुळीत फरशीवर गाडी आत ढकलताना चॉकच पुढे सरकत जातो. चॉकमुळे जागा वाचते आणि गाडी सरळ उभी राहते. टायरवरचे वजन मात्र तसेच राहते. गाडी महिनोन्महिने बंद ठेवणाऱ्याने टायरमध्ये हवा पुरेशी ठेवावी आणि शक्य असल्यास मागचे चाक पॅडॉक स्टँडवर (चाक जमिनीवरून उचलून धरणाऱ्या स्टँडवर) उचलावे.

विक्रेत्यांना आणखी एक विनंती. ग्राहकाला आपली गाडी चॉकमध्ये चढवून पाहू द्याच, पण बाहेरही काढू द्या. पाळण्यातून चाक सोडवण्यासाठी मागे जोराचा हिसका द्यावा लागतो आणि जड गाडीवर बसून ज्याचे पाय जेमतेम टेकतात, त्याला तो देता येईल की नाही, हे खोक्यावरचा कोणताही आकडा सांगू शकत नाही.

आपला विश्वासू,
एक मोटारसायकलस्वार वाचक